एकट्याने भरायची गाडी

फुलं संपली तशा मधमाश्यांच्या पेट्या हलक्या होत गेल्या. रोज सकाळी तो ओळीतून चालत जायचा आणि एकेका पेटीची मागची कड दोन बोटांनी उचलून बघायचा. भरलेली पेटी बोटांना दाद देत नाही. या वर्षी तीसपैकी वीस-बावीस पेट्या रिकाम्या डब्यासारख्या वर यायच्या. पावसाने दोनदा तोंड दाखवलं आणि तो गेला तो गेलाच. बांधावरची झुडपं कळीतच वाळली. माश्या उडायच्या, लांब जायच्या आणि पायांना काहीही न लागता परत यायच्या. काही यायच्याच नाहीत.

गावात त्याला सगळे माशीवाला म्हणायचे. पन्नाशी उलटून गेली होती. हात-तोंड इतक्या वेळा सुजून उतरलं होतं, की कातडीच जाड झाली होती.

कालव्याकाठच्या सूर्यफूलवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा तो ओळीतच उभा होता. त्यांचं शेत गाडीने पाच तासांवर, पण कालव्याच्या पाण्यावरचं.

"आठवड्याभरात फूल उघडेल," बाई म्हणाल्या. "येणार असाल तर आत्ताच हो म्हणा. नाहीतर दुसऱ्याच्या पेट्या सांगते."

"हो हो, येणार ना," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की या खेपेला पेटीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही.

एकवीस वर्षं दुसरं टोक बायकोने धरलं होतं. उलट खरा हात तिचाच. डोळे मिटून राणीमाशी शोधेल, अशी तिची ख्याती. गेल्या हंगामात मध काढताना तिच्या मानेला एक माशी चावली. एकच. आयुष्यात तिला हजारदा चावल्या असतील, तिने नखाने काटा खरवडून काढला आणि कामाला लागली. पाच मिनिटांत ओठ सुजले, मग जीभ जड झाली, मग तिने गळ्याला हात लावून त्याच्याकडे बघितलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती निळी पडली होती. वाचली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "शरीर उलटलंय. पुढची माशी शेवटची ठरू शकते. पेट्यांच्या जवळपास फिरकायचं नाही."

तेव्हापासून घराच्या खिडक्यांना बारीक जाळी होती. तिच्या कमरेला एका छोट्या पिशवीत इंजेक्शन असायचं. तो पेट्यांवरून आला की अंगणाच्या टोकाला नळावर कपडे उतरवायचा, झटकायचा, बादलीत बुडवायचा, केसांतून बोटं फिरवायचा आणि टॉवेल गुंडाळून मागच्या दाराने आत यायचा. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा. आत आल्यावरही ती आधी त्याच्या मानेकडे, कानामागे बघायची. मगच जवळ यायची. कधी कधी तेवढंही राहून जायचं.

त्या दिवशी फोननंतर त्याने पिकअप ओळीशेजारी लावली आणि एक रिकामी पेटी विटा घालून भरलेल्या पेटीच्या वजनाची केली; परतताना सगळ्याच तेवढ्या असणार होत्या. एकट्याने मिठी मारून उचलली. गुडघ्यापर्यंत ठीक होतं. हौद्याची कड कमरेच्या वर होती. तिथपर्यंत नेताना पोटऱ्या थरथरल्या, पेटी कडेला आपटली आणि त्याच्या नडगीवरून घसरत खाली गेली. नडगीचं साल निघालं.

"गुडघ्यांतून! कंबर कशाला वाकवताय?" खिडकीच्या जाळीआडून बायको ओरडली.

त्याने दुसऱ्यांदा गुडघ्यांतून उचलली. चढली. तिसऱ्यांदाही चढली. चौथ्यांदा चढवून झाल्यावर तो हौद्याच्या मागच्या फाळक्याला टेकून उभा राहिला आणि बराच वेळ सरळ होऊ शकला नाही. तीस पेट्या अशा चढवायच्या, पाच तास गाडी हाकायची आणि तिथे पुन्हा उतरवायच्या होत्या.

गावात माणूस मिळाला नाही. माश्या म्हटलं की लोक हसत हसत मागे सरायचे. शेजारचा सुतार तर म्हणाला, "तुझ्यासाठी जीव देईन, पण गाल देणार नाही."

संध्याकाळी बायकोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद-पेन्सिल घेतली.

"माणूस मिळत नाही ना? मग गाडीलाच हात लावून घेऊ," ती म्हणाली. "मी काय काय करायचे ते सांगा. एकेक."

"दुसरं टोक धरायचीस."

"ते झालं. म्हणजे उचलायला काहीतरी पाहिजे." तिने लिहिलं. "पुढे?"

"मागे घेताना उभी राहायचीस. या या या… बस्स."

"आणि तुम्ही बस्स म्हटल्यावर आणखी हातभर घ्यायचात." तिने लिहिलं, कॅमेरा. "पट्टा मी पलीकडून ओढायचे. तर खटक्याचे पट्टे घ्या, एका बाजूनेच आवळता येतात. आणि मागच्या स्प्रिंगचा पाटा. गेल्या वर्षी पेट्या भरल्या की गाडी मागे बसायची. मी म्हणत होते, तुम्ही ऐकलं नाहीत."

"बसायची थोडी."

"थोडी? पुढचे दिवे झाडावरची पाखरं मोजायचे." ती हसली. मग पेन्सिल थांबवून म्हणाली, "अजून?"

तो नडगीला हळद लावत होता. मान न उचलता म्हणाला, "बोलायचीस. वाटेत."

तिने कागदाकडे बघितलं. "त्याला पार्ट नसतो," ती म्हणाली. "रेडिओ लावा."

*

गाड्यांच्या सामानाचं दुकान तालुक्याच्या मोठ्या रस्त्यावर होतं. दाराशीच काचेत चकचकीत बंपर, रंगीत दिवे, सोनेरी रंगाच्या टायरच्या टोप्या. आत थंडगार हवा. माशीवाला आपले मातीचे बूट पायपुसण्यावर जास्तच वेळ घासत राहिला.

दुकानदार टाय लावलेला, तिशीचा. आधी त्याने दोन तरुणांना छतावर लावायचा दिव्यांचा पट्टा दाखवला, मग त्यांच्याबरोबर बाहेर जाऊन त्यांच्या गाडीला हात लावून कौतुक केलं, मग आत आला.

"बोला काका. सीट कव्हर?"

"पिकअप आहे. एकट्याने माल चढवायचाय. साधारण तीस किलोचा एक नग. तीस नग."

"काय माल?"

"मधमाश्यांच्या पेट्या."

दुकानदार हसला आणि गल्ल्यावरच्या बाईंना म्हणाला, "ऐकलंत? मग यांना हॉर्न नको. माल स्वतःच वाजतो."

गल्ल्यावरच्या बाई हसल्या. मागे टायर बघत असलेला एक जण हसला. माशीवालाही हसला, कारण त्याला काय करावं ते कळेना.

"सस्पेन्शनचं म्हणाल तर हा किट घ्या," दुकानदाराने एक खोका काउंटरवर ठेवला. "गाडी तीन इंच वर जाते. रुबाबच वेगळा. कुठल्याही खड्ड्यातून जाल."

"वर जाते म्हणजे हौदापण वर जाईल?"

"अर्थात."

"मग मला अजून वर उचलावं लागेल."

दुकानदाराने खोक्यावरचं चित्र बघितलं. "तसं बघितलं तर हो."

"मला उंच नको. वजनाने बसायला नको, एवढंच. आहे त्या पाट्यांत एक जादा पान टाकता येतं का?"

"येतं. जुनी पद्धत आहे." खोका परत मांडणीत गेला. त्याचा चेहराही जरा परत गेला. "आणि उचलायला ही घ्या, विजेची विंच. चार टन. बटण दाबलं की झालं."

लाल रंगाची, हातभर लांब, गुळगुळीत विंच. माशीवाल्याने तिच्या तारेवरून बोट फिरवलं. चार टन म्हणजे त्याच्या सगळ्या पेट्या, तो स्वतः आणि हे दुकानही उचललं जाईल असं त्याला वाटलं. तरी त्याने फोन काढला.

"घरी विचारताय?" दुकानदार म्हणाला. "आमच्याकडेही वरचं कोर्ट घरीच असतं."

माशीवाल्याने पाठ वळवून, आवाज बारीक करून बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना विचारा, वजन वर असताना मध्येच हात काढला तर ते तिथेच थांबतं का खाली येतं?"

त्याने तसंच विचारलं.

दुकानदाराने विंच उलटी करून बघितली. आतल्या खोलीत जाऊन कोणाला तरी विचारून आला. "ही ओढायला आहे," तो म्हणाला. "चिखलात अडकलेली गाडी ओढून काढते. टांगून ठेवायला नाही चालायची." मग टायची गाठ सैल करत, पहिल्यांदाच दुकानदारासारखा नाही तर माणसासारखा म्हणाला, "तुम्हाला हाताने फिरवायची छोटी क्रेन पाहिजे. खटक्याची. ती आमच्याकडे नसते. नदीपलीकडचे मिस्त्री बनवून देतील. चासीला आवळायला सांगा, नुसत्या पत्र्याला नको, पत्रा फाटेल."

माशीवाल्याने कॅमेरा, खटक्याचे आठ पट्टे आणि पाट्याचं पान घेतलं. निघताना दुकानदाराने विचारलं, "काकू स्वतः का नाही आल्या? त्यांना जास्त कळतं."

"हो," माशीवाला म्हणाला. "त्यांनाच कळतं."

*

मिस्त्रींचं वर्कशॉप म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. मिस्त्री सत्तरीला आलेले, एका कानाने कमी ऐकू येणारे. गाडीखाली शिरले की तिथूनच ओरडून बोलायचे.

तीन दिवस काम चाललं. मिस्त्रींनी मागची चाकं काढली, गंजलेले बोल्ट तापवून तोडले, जुन्या पानांमधली माती खरवडली आणि नवं पान आत घालून परत आवळलं. माशीवाला पाने-पक्कड हातात देत बसला. दुसऱ्या दिवशी क्रेनचा खांब उभा राहिला, हौद्याच्या डाव्या कडेला मधोमध, खालून चासीला जाड पट्टी घालून. वरचा हात गोल फिरायचा आणि हौद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोचायचा. मिस्त्रींनी त्याला एक सिमेंटची गोणी टांगली, हँडल फिरवलं, मध्येच हात सोडला. खटका कट्‌ करून बसला. गोणी हवेत तशीच राहिली.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "आता बिडी ओढून आलास तरी चालेल."

माशीवाल्याने स्वतः पाच-सहा वेळा गोणी चढवली, उतरवली. दंडाला नुसता ताण, कमरेला काही नाही. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री गाडीच्या आत डोकावून म्हणाले, "माश्यांना धूर द्यायचं धुराडं, कपडे, पाण्याचे कॅन, साखरेचा पाक, हे सगळं कुठे ठेवणार? मागे तर पेट्यांनी भरणार."

"बघू. आत कोंबीन."

"कोंबून कॅन सांडेल. एकटाच जाणार ना? मग शेजारची सीट काय हवा खाणार आहे? काढतो. तिथे लोखंडी पेटी बसवतो, झाकणाची. सगळं एका जागी."

माशीवाला सीटकडे बघत राहिला. मिस्त्रींना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी मोठ्याने पुन्हा विचारलं.

"काढा," माशीवाला म्हणाला.

चार बोल्ट होते. दहा मिनिटांत सीट बाहेर आली आणि भिंतीशी जुन्या टायरांवर जाऊन बसली. पेटी बरोब्बर बसली. कॅन मावले, पाक मावला. धुराड्याला वेगळा कप्पा होता. इतकी सोय त्या गाडीत कधीच नव्हती.

दुपारी तो घरी पोचला तेव्हा बायको दारातच होती. गाडी नुकतीच वर्कशॉपमधून आलेली, माश्यांपासून लांब, म्हणून ती बिनधास्त अंगणात उतरली. आधी क्रेनभोवती फिरली. हँडल फिरवून बघितलं. खाली बसून पाटे बघितले. "मिस्त्रींचा हात चांगला आहे हं," म्हणाली. मग गाडीला वळसा घालून तिने सवयीने डाव्या बाजूचं दार उघडलं आणि एक पाय वर ठेवला.

तो पाय तसाच राहिला.

"सामानाला जागा नव्हती," तो म्हणाला.

"हो ना." तिने पाय खाली घेतला. लोखंडी पेटीचं झाकण उघडून आत बघितलं आणि हळूच लावलं. "बरं केलंत. कॅन सांडले असते." दार लावून ती आत गेली.

जेवणं झाली. तो हात धुवायला उठला तेव्हा त्याला कपाटाशेजारी घडी करून ठेवलेली पांढरी जाळी दिसली. उलगडली. गाडीच्या खिडकीच्या मापाची होती. कडेने दुहेरी शिलाई, चारही कोपऱ्यांना अडकवायला रबराच्या वाट्या. दुसरी तशीच. तिसरी मागच्या काचेच्या मापाची. टाके इतके जवळजवळ होते की मुंगी शिरली नसती.

"हे काय?"

"काही नाही. वेळ होता, शिवलं."

"तू यायचं म्हणत होतीस?"

"म्हटलं, काचा वर करून, आतून जाळी लावून बसले असते. उतरले नसते. बाईंच्या घरात थांबले असते." ती ताटं उचलू लागली. "खुळेपणा. दार उघडताना एक जरी आत आली असती तर रस्त्यात दवाखाना कुठे शोधणार होतात?"

"मी उद्या जाऊन सीट बसवून आणतो."

"नको."

"अगं, अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको म्हटलं ना." तिने ताटं खाली ठेवली. आवाज चढला नव्हता. "मला बसवून नेलंत तर अख्खी वाट माझ्या मानेकडे बघाल. रस्त्याकडे कोण बघणार? परवा फूल उघडेल. पेट्या उपाशी आहेत. तुम्ही जा."

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी माश्या परत आल्यावर त्याने पेट्यांची दारं जाळीच्या पट्टीने बंद केली आणि पहाटे फटफटताच भरायला सुरुवात केली. बायकोने घराची सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या. स्वयंपाकघराच्या काचेआड ती उभी होती. तिच्यामागे दिवा होता, त्यामुळे नुसता आकार दिसायचा.

क्रेनने काम चोख केलं. पट्टा घालायचा, आकडा लावायचा, हँडल फिरवायचं, पेटी वर, हात फिरवायचा, पेटी हौद्यात. दहा पेट्या झाल्या तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. वीस झाल्या. बाहेर राहिलेल्या काही माश्या त्याच्या टोपीवर, बाह्यांवर बसून होत्या. थंडीने त्यांना उडवत नव्हतं.

चोविसावी पेटी सगळ्यांत जड. या दुष्काळातही हिने घर भरून ठेवलं होतं. पेटीचं झाकण छातीच्या उंचीवर आलं आणि खालचा पट्टा एका बाजूला सरकला. पेटी कलली. आत काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. त्याने हँडल सोडलं, उडी मारून कललेल्या बाजूला खांदा दिला आणि दोन्ही हातांनी पेटीला मिठी मारली. झाकण बोटभर उघडलं होतं. खटका वर अडकला होता. खाली घ्यायचं तर हँडलला हात पाहिजे, आणि हात काढला तर पेटी उलटी होणार.

तो तसाच उभा राहिला. लाकडातून सगळ्या वस्तीची घरघर त्याच्या कानात शिरत होती. झाकणाच्या फटीतून माश्या बाहेर यायला लागल्या, आधी एकेक, मग ओंजळभर. मनगटावर दोन चावल्या, कानाच्या पाळीला एक.

खिशात फोन वाजला. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. त्याने मान वळवली. काचेआड तिचा हात कानाशी होता आणि दुसऱ्या हाताने ती काहीतरी दाखवत होती, पण काय ते कळत नव्हतं. मग आकार काचेमागून नाहीसा झाला.

दाराची कडी वाजली.

ती पायरीवर आली होती. डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, हातांत त्याचे जुने मोजे. "डावा पाय! डाव्या पायाजवळ रिकामी पेटी आहे, ती ओढा, ओढा पायाने…" असं म्हणत ती दुसरी पायरी उतरली.

"आत हो!" तो ओरडला.

"अहो, पण…"

"आत हो म्हणतो ना! चालती हो! मरायचंय का?"

एकवीस वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. ती पायरीवर थांबली. मग मागच्या मागे आत गेली आणि दार लागलं. कडी लागल्याचा आवाजही त्याला आला.

त्याने डावा पाय लांब केला. रिकामी पेटी खरंच तिथे होती. बुटाच्या टोकाने ती आडवी ओढली, मग उभी केली, मग हळूहळू पेटीखाली सरकवली. दोनदा ती पडली. तिसऱ्यांदा तिचा कोपरा टांगलेल्या पेटीखाली बसला. त्याने वजन त्यावर टेकवलं, एक हात मोकळा केला, खटका काढला, पेटी खाली घेतली. झाकण दाबून पट्टीने आवळलं. मग तो जमिनीवर बसला. बोटं वळून राहिली होती, उघडत नव्हती.

ती आणि उरलेल्या सहा पेट्या त्याने दुहेरी पट्टा घालून चढवल्या. सूर्य वर आला तेव्हा गाडी आवळून तयार होती. अंगावर माश्या इतक्या होत्या की घराजवळ जायची सोय नव्हती. तो अंगणाच्या या टोकाला उभा राहिला आणि त्याने फोन लावला. काचेआड तिने उचलला. दोघं एकमेकांना दिसत होते.

"ओरडलो," तो म्हणाला.

"ऐकलं."



"ती पेटी वाचली का?"

"वाचली. एखादी फ्रेम तुटली असेल."

"राणी?"

"तिथे गेल्यावर बघतो."

"बरं. चावलंय तिथे थुंकी लावा. निघा, ऊन चढेल."

तिने काचेला हात लावला की काच पुसली, ते त्याला एवढ्या लांबून कळलं नाही.

वाटेत त्याने रेडिओ लावला नाही. नव्या पानामुळे गाडी मागे अजिबात बसली नव्हती. दिवे रस्त्यावरच पडले असते. दर तासाला तो गाडी थांबवून पट्टे चाचपायचा, पेट्यांच्या जाळीवर पाणी शिंपडायचा आणि पुन्हा निघायचा. एका चढावर तो नकळत म्हणाला, "बघ, कसा सरसर चढला." शेजारी लोखंडी पेटीतले कॅन एकमेकांवर आपटत होते.

सूर्यफुलांचं शेत त्याला वळणावरून दिसलं आणि त्याने पाय ब्रेकवर ठेवला. डोळा पोचेल तिथवर पिवळं. पेट्या ठेवायची जागा अरुंद पाणंदीच्या टोकाला होती, तिथे गाडी उलटीच न्यावी लागायची. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाणंद दिसली, दोन्ही बाजूंचे चर दिसले. मागे चर जवळ आला की पडद्यावरची लाल रेघ त्याला टेकायची. त्याने एकदाही हातभर जास्त घेतली नाही.

आता हात बसला होता. पेटी उचलायची, फिरवायची, ठेवायची, पट्टा काढायचा. पुढची. तो विचारही करत नव्हता. तिसाव्या पेटीचा पट्टा त्याने काढला तेव्हा बाई पाणंदीतून किटली घेऊन येत होत्या. त्या लांबच थांबल्या.

"झाल्या पण उतरवून?"

"झाल्या."

"अहो, गेल्या खेपेला दोघं होतात तर दुपार कलली होती. आणि आज? मी चहा टाकला आणि आले. तास तरी झाला का?" त्यांनी क्रेनकडे बघितलं. "मशीनने काम सोपं केलं. बाईंची उगीच ओढाताण व्हायची. बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"मग छान झालं की!"

बाई चहा ठेवून गेल्या. त्याने पेट्यांच्या दारांवरच्या पट्ट्या एकेक करत काढल्या. माश्या आधी दारातच घुटमळल्या, तोंड फिरवून आपली पेटी नीट बघून घेतली, मग एक उडाली, मग दहा, मग सगळ्याच. जड पेटी त्याने उघडली. एकच फ्रेम मोडली होती. राणी तिसऱ्या फ्रेमवर चालत होती, घाईत, काही झालंच नसल्यासारखी.

मग तो गाडीच्या सावलीत बसला. चहा गार झाला होता. फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"पोचलात?"

"पोचलो. उतरवल्या. राणी आहे."

"आहे ना! मला वाटलंच होतं, ती चिवट आहे." मग तिने विचारलं, "उतरवायला किती वेळ लागला?"

तो सूर्यफुलांकडे बघत होता. त्यांच्यातून माश्या आता परत येत होत्या, पायांना पिवळे गोळे लावून, जड होऊन, दारात धप्पकन उतरत.

"साडेतीन तास," तो म्हणाला.

"साडेतीन?"

"हो ना. दम निघाला."

"दोघं असतो तर दोनात उरकलं असतं."

"दोनसुद्धा लागले नसते."

पलीकडे ती खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जुनी धार आली होती. "थांबा, मी सांगते तुमचं कुठे चुकतंय. तुम्ही पट्टा आधी डावीकडून घालत असाल. हो की नाही? तिथेच वेळ जातो. आधी उजवीकडून घ्यायचा, मग खालून…"

"हं," तो म्हणाला. "हं. खालून?"

"खालून. आणि मग काय करायचं…"

त्याने पाठ चाकाला टेकली, डोळे मिटले आणि ती सांगत होती ते सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकत राहिला.